उपाशी कवंदी

पास्कीन माझी धाकटी बहीण. सख्खी. आईच्या पोटी पहिला मी, शेवटची ती, मधली सगळी देवानं नेली. त्यामुळं आईकडचं जे काही चांगलं होतं ते आम्हा दोघांतच वाटलं गेलं. मला आवाज आला आणि मनगट आलं. तिला नाक आलं.

नाक म्हणजे दिसायला नव्हे, दिसायला आम्ही सगळे सिद्दी एकाच काळ्या साच्यातले. हुंगायला. त्या नाकाला साऱ्या जगाची शिसारी होती. दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी तिनं लहानपणीही तोंडाला लावलं नाही. कुणाच्या घरी जेवायला बसली तर आधी ताट हुंगणार, मग पदरानं पुसणार, आणि मग दोन घास खाऊन म्हणणार, घरी जेवून आलेय. लग्नात नवऱ्यानं घास भरवायला हात पुढं केला, तर मांडवभर माणसांपुढं तिनं विचारलं, "हात धुतलास?"

जुजे म्हणाला, "दोनदा."

मांडव हसला. मी नाही हसलो. मला तेव्हाच कळलं, हा गडी टिकणार. पंचक्रोशीत असला जावई कुणाला मिळाला नाही, आणि तो मी शोधला होता. सुपारीच्या बागेत दिवसभर झाडावर चढायचा, संध्याकाळी ओढ्यावर अंग घासूनपुसून मगच उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा. तिच्या नाकापायी. गावातली माणसं त्याला चिडवायची, बायको आहे की फौजदार. तो म्हणायचा, "फौजदार बरा, त्याला लांबून वास येत नाही."

तो जुजे तापानं गेला. आणि त्यानंतर पास्कीनला जेवणाचीच किळस यायला लागली. चुलीवर भात रटरटला की ही उठून अंगणात. मासळी तळली की परसात. लेक रोजलीन यल्लापूरला दिलेली, ती येऊन राहिली, पेज करून पाजायला गेली, तर हिनं वाटी लोटून दिली. म्हणाली, "कुजल्याचा वास येतो सगळ्याला." एकच वास तिला चालायचा. जुजेनं शेवटचा घातलेला निळा शर्ट, खिशाचा, न धुतलेला. तो उशाला घेऊन पडून राहायची. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाचा घाम सोसला नाही, ती तो घामट शर्ट नाकाशी धरून दिवस काढत होती.

मी म्हटलं, हे काही खरं नाही. बहीण माझी आहे, अशी मरू देणार नाही. हाताला धरलं आणि आनंद केंद्रात नेऊन बसवली.

आनंद केंद्र म्हणजे सोसायटीचं जुनं गोदाम. चुना मारून, भिंतीवर फुलं काढून पंचेचाळिशीच्या वरच्या बायकांसाठी उघडलेलं. चालवणारी रेजिना, पंचायतीच्या मेंबराची बायको, आमच्यातलीच, पण तालुक्याला जाऊन शिकून आलेली. शिकून काय आली, तर हसायला. बायकांना गोल उभं करायची, टाळ्या वाजवायला लावायची आणि म्हणायची, आता पोटातून हसा, हा हा, हो हो.

पास्कीन पहिल्या दिवशी हात खाली सोडून उभी राहिली. म्हणाली, "कोण मेलं म्हणून हसायचं?"

गोदामाला अजून युरियाचा वास होता. वर फिनेल. त्यावर बायकांच्या डोक्यांचं तेल. दंडाला पट्टा आवळून रक्ताचा दाब बघायचे, तो पट्टा साऱ्यांच्या घामाचा. हिनं खालून रुमाल बांधून घेतला. मग रंगाच्या कांड्या वाटल्या, मोराचं चित्र भरायला. नातवंडं झालेल्या बायका जिभा बाहेर काढून मोर रंगवत बसल्या. पास्कीननं आपला मोर नखशिखांत काळा केला.

रेजिना म्हणाली, "पास्कीनबाय, मोर कुठं काळा असतो?"

"आपल्या गावातला आहे. त्याला काय गोरा करू?"

त्यावर जुवाना खरोखर हसली. पोटातून, टाळी न वाजवता. जुवाना म्हणजे पास्कीनच्या वयाची, घरात सुनेचा कारभार, हिला बसायला स्वतःच्या घरात कोपरा नाही. केंद्र उघडायच्या आधी ती बिचारी दुपारी चर्चच्या पायरीवर बसायची. ती सरकून पास्कीनशेजारी येऊन बसली, आणि पास्कीननं, काय सांगू, तिला सरकून जागा दिली. दुसऱ्याचा पदर लागला तर झटकणारी बाई.

त्या दिवसापासून ती आपल्या पायानं केंद्रात जायला लागली. चित्रांसाठी नव्हे, हसण्यासाठी तर नव्हेच. शिवणीसाठी. शुक्रवारी बायका कवंद्या शिवायला बसायच्या. कवंदी म्हणजे आमची गोधडी, पण कुणाच्याही गोधडीशी तिची बरोबरी करू नये. काठाकडून सुरुवात करायची, धावदोऱ्यानं गोल गोल आत यायचं, आणि शेवटी मध्यावर भेटायचं. चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून फुलं लावायची, फुलांवाचून कवंदी नागडी. आणि मध्यावर तळहाताएवढं भोक राहिलं की थांबायचं. बरोबरच्या बायकांनी जमून त्यात चिमूट चिमूट तांदूळ टाकायचे, गाणं म्हणायचं, मग शेवटचे टाके. त्याला आम्ही कवंदीचं पोट भरणं म्हणतो. पोट न भरता मिटलेली कवंदी उपाशी. ती जो पांघरेल तो उपाशी, आणि त्यातून ते लेकरू असलं तर विचारूच नका.

पास्कीनची कवंदी लेकरासाठीच होती. रोजलीनला दिवस गेले होते. आजोबा बघायला मिळणार नाही, पण त्याच्या कपड्यांत तरी निजेल, म्हणून तिनं जुजेच्या लुंग्या, पायजमे, रविवारचा पांढरा सदरा, सगळं कापलं. सगळं तीन पाण्यांनी धुतलं, उन्हात उलटंपालटं केलं. एक निळा शर्ट तेवढा धुतला नाही. तो मध्यावर ठेवला, खिशासकट.

जुवाना म्हणाली, "अगं, नातवाच्या अंगावर घामट कापड?"

"त्याच्या आज्याचा घाम आहे. तुझ्या नातवाचं मूत नाही."

बायका खिदळल्या. रेजिना खूश, म्हणाली, बघा, हसण्याचा व्यायाम लागू पडला. पास्कीन जेवायला लागली. डबा आपला, पाणी आपलं, पण सगळ्यांत बसून. कुणाचा टाका लांब पडला तर नाक मुरडायची, "हा टाका आहे का बैलाची उडी?" घरी आली की मला सांगायची कोण काय बोललं. मी आणली होती तिला तिथं, हे मी गावात चारचौघांत सांगत होतो, आणि का सांगू नये.

मग पाहुणे यायचं ठरलं. केंद्राला ज्यांच्याकडून मदत यायची त्या मंडळाचे कुणी अध्यक्ष, बेंगळूरूचे. आदल्या दिवशी रेजिना पास्कीनपाशी येऊन बसली.

"पास्कीनबाय, उद्या एक पुरी झालेली कवंदी हवी. पाहुण्यांच्या खांद्यावर घालायला."

"जुवानाची घे."

"तिच्यावर नातू मुतलाय."

"मग धू."

"वाळणार कधी? तुझी झालीच आहे. वीतभर उरलीय."

"वीतभर उरलीय म्हणजे झाली नाही. पोट भरायचंय. रविवारी चर्चात मिस्सा झाली की भरू."

"पोट काय, नंतरही भरता येईल."

"उद्या आधी तुझं तोंड शिवते, मग जेवायला वाढते. चालेल?"

रेजिनाचा चेहरा पडला. ती उठली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहुणे नाराज होऊन गेले तर ह्या दाराला कुलूप. मग बसा आपापल्या चुलीपाशी नाकं शिंकरत." बायका खाली बघून शिवत राहिल्या. जुवानाची सुई थांबली होती, पण पास्कीनला वाटलं दोरा अडकला असेल. तिनं आपली कवंदी घडी करून कपाटात ठेवली. सगळ्यांच्या तिथंच असायच्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना रस्त्यावरून वाजतगाजत आणायचं होतं. दमामं कोण वाजवणार, तर मीच. आमच्या भागात दमाम्यावर माझा हात पडला की म्हातारीकोतारी पाय आपटायला लागतात, हे मी नाही, लोक सांगतात. आणि फुगडीला पास्कीनच हवी, असं रेजिनानं आदल्या संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. गोड बोलून. पास्कीनला वाटलं, रुसवा गेला. ती नवं लुगडं नेसून बाकी चार बायकांबरोबर माझ्यासोबत रस्त्यावर आली. जुवाना आणि आणखी काही जणी केंद्रातच राहिल्या, जेवणाची पाकिटं आली होती ती मांडायला.

पाहुणे गाडीतून उतरले. अंगाला अत्तराचा असा भपकारा की पास्कीननं फुगडीत मान वळवली. थुलथुलीत माणूस, हसतमुख, आमच्या दमाम्याकडं बोट करून बरोबरच्यांना म्हणाला, बघा, ह्यांच्या रक्तातच ताल आहे. मी ताल चुकवला. मुद्दाम.

गोदामात खुर्ची, हार, भाषण. बायकांना उभं करून हा हा हो हो झालं. पाहुण्यांनीही केलं, पोट हलवून. मग रेजिना आतून कवंदी घेऊन आली आणि पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. शाल घालतात तशी.

निळा शर्ट वरच्या बाजूला आला होता. मधलं भोक मिटलेलं होतं.

पास्कीनला आधी वाटलं, आपली नाही. मग तिला खिसा दिसला. खिशाच्या कडेनं टाके दिसले, घाईघाईत घातलेले, लांब लांब. ते टाके कुणाचे हे तिला विचारायची गरज नव्हती. तिनं जुवानाकडं बघितलं. जुवाना भिंतीवरच्या फुलांकडं बघत होती. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

मला वाटलं आता ही फुटणार. फुटली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, पदर नाकाशी धरून. नंतर मला म्हणाली, त्या वेळी तिला रडायला येत नव्हतं, ओकारी येत होती. ज्या बायकांत मांडीला मांडी लावून बसली, ज्यांचं तेल सोसलं, घाम सोसला, त्यांनीच जुजेची छाती शिवून परक्याच्या मानेवर टाकली होती, उपाशी. आणि आता त्याच बायका पाकिटं उघडून पुलाव खात होत्या. पिवळा, तेलकट, बोटांतून तेल मनगटावर ओघळणारा. चपाचप आवाज. कुणी हाड चोखत नव्हतं, हाडंच नव्हती त्यात, तरी तिला सगळ्यांच्या तोंडून हाडं फुटल्यासारखं ऐकू येत होतं. तिच्यापुढंही कुणीतरी पाकीट ठेवलं. तिनं ते पायानं सरकवलं.

पाहुणे कवंदी खांद्यावर ठेवूनच जेवले. उकडत असणार, पण काढली नाही, मानाची म्हणून. जेवण झालं. पाणी यायला उशीर झाला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि कवंदीचं कोपऱ्यावरचं फूल घेऊन त्याला बोटं पुसली. एकेक बोट. मग ओठ.

पास्कीन चालत गेली आणि कवंदीचं दुसरं टोक धरलं.

"सोडा," ती म्हणाली.

पाहुणे हसले. "काय अम्मा?"

"ही माझ्या नवऱ्याची आहे. सोडा."

"अम्मा, ही मला दिलीय."

"दिली कुणी? नवरा मेलाय माझा. मी जिवंत आहे."

रेजिना धावली, "पास्कीनबाय, काय करताय, पाहुण्यांसमोर," म्हणून हात धरायला गेली. पास्कीननं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या हाताला तेल आहे. लांब हो." आणि कवंदी ओढली. पाहुण्यांचा हार तिच्यात अडकून तुटला, झेंडूची फुलं जमिनीवर सांडली. कुणी उचलली नाहीत. पाहुणे तोंड उघडं टाकून बघत राहिले, माणूस वाईट नव्हता, त्यांना अजून कळलंच नव्हतं काय झालं. ओठांना एक शीत तसंच चिकटलेलं होतं. मी दमामं खांद्याला लावलं आणि बहिणीच्या पुढं चालायला लागलो. कुणाची छाती झाली नाही आडवं यायची. मी असताना होत नसते.

दारापर्यंत रेजिनाचा आवाज आला, "केंद्र बंद पडलं तर तुझ्या माथी, पास्कीनबाय. ह्या साऱ्या बायकांचे शाप लागतील."

पास्कीननं मागं वळून बघितलं नाही. वाटेत एकदाच बोलली. "रिकामी मिटली रे दादा. एक दाणासुद्धा नाही. एकीलाही वाटलं नाही."

घरी येऊन तिनं ते कोपऱ्यातलं फूल धुतलं. साबणानं, मग रिठ्यानं, मग राखेनं. हळदीचा डाग फिकट झाला, गेला नाही. मधला भाग तिनं पाण्याला लागू दिला नाही. पडवीतल्या दोरीवर कवंदी टाकली आणि न जेवता आडवी झाली.

सकाळी मी तिच्या अंगणात गेलो तेव्हा ती दोरीपुढं उभी होती. पडवीच्या खांबावरून मुंग्यांची रांग वर चढली होती, दोरीवरून चालत कवंदीवर उतरली होती. मी म्हटलं, पाहुण्याची बोटं, आणि काय. पण रांग कोपऱ्याकडं जातच नव्हती. ती सरळ मध्यावर, निळ्या शर्टाकडं जात होती, आणि लांब टाक्यांच्या फटीतून आत घुसत होती. दुसऱ्या फटीतून मुंग्या बाहेर येत होत्या, तोंडात काहीतरी पिवळं धरून.

पास्कीननं कवंदी खाली घेतली, मुंग्या झटकल्या, आणि शर्टाला नाक लावलं. तसंच लगेच मागं घेतलं.

"लवंग," ती म्हणाली.

घामाचा वास गेला होता. शर्टाला आंबलेल्या पुलावाचा वास येत होता.

जुवाना कुडाच्या फाटकाशी कधीची उभी होती कुणास ठाऊक. डोळे सुजलेले. आत यायला धजत नव्हती. मी काठी उचलायला वाकलो होतो, पास्कीननं हातानं थांबवलं.

"हे तू घातलंस?"

जुवाना म्हणाली, "रेजिना डोक्यावर उभी होती. गाडी आली गाडी आली म्हणत होती. तांदूळ कुठून आणू? रिकामी मिटवायला हात होईना गं. पाकीट उघडं होतं समोर. त्यातलंच चिमूटभर घातलं."

"शिजलेला भात."

"उपाशी कशी ठेवू? लेकराची आहे."

"तेलातला, शिजलेला भात. जुजेच्या छातीवर. मुंग्यांना."

"गाणं पण म्हटलं मी. हळू."

पास्कीननं तोंड फिरवलं आणि अंगणाच्या कडेला जाऊन खरोखर ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी. तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली. मग घरात गेली आणि ब्लेडचं पातं घेऊन बाहेर आली. मी दोन पावलं मागं सरलो, खोटं का सांगू. तिनं ते जुवानाच्या हातात दिलं आणि कवंदी तिच्यापुढं अंथरली.

"उसव. तू शिवलंस, तूच उसवायचं."

जुवाना खाली बसली. एकेक टाका कापला, भोक उघडलं. आत गोळा झाला होता, चिकट, मुंग्यांनी भरलेला, त्याला शर्टाच्या दशा चिकटलेल्या. तिनं नखांनी तो काढायला सुरुवात केली. मुंग्या तिच्या बोटांना डसत होत्या, ती हात झटकायची आणि पुन्हा घालायची. पास्कीन समोर उकिडवी बसली होती, पदर नाकाशी. मदत केली नाही.

बऱ्याच वेळानं जुवाना मान खाली घालूनच म्हणाली, "रेजिना म्हणाली, तुला आता केंद्रात यायचं नाही."

"कोण येतंय. थुंकते त्या गोदामावर."

"मग आम्ही कुठं बसायचं?"

मुंग्या जुवानाच्या मनगटावरून कोपरापर्यंत चढल्या होत्या. पास्कीन पुढं वाकली, नाक मुरडून, आणि बोटानं दाखवलं.

"तिथं शिलाईच्या खाली बघ. वाटाणा राहिलाय."